घासता येईल तेच दाणापात्र : मुंबईच्या खिडकीतील पक्ष्यांसाठी

मुलुंडच्या तिसऱ्या मजल्यावरील आमच्या घराच्या खिडकीत पहिले दाणापात्र टांगले ते एका एप्रिलमध्ये. कौलारू छपराचे ते लाकडी घरकुल इतके देखणे होते की आलेले पाहुणे आधी त्याचेच कौतुक करीत. जूनच्या अखेरीस त्याच्या कोपऱ्यांत अडकलेल्या बाजरीला मोड आले, जुलैत फळ्या फुगून त्यांवर बुरशीचे काळे डाग पडले, आणि ते धुवायला घेतले तेव्हा लक्षात आले की आतल्या कोपऱ्यात माझे बोटसुद्धा पोहोचत नाही, मग घासणी कुठून पोहोचणार. ते घरकुल भंगारवाल्यानेही नेले नाही. त्यानंतर केलेल्या प्रत्येक दाणापात्राला मी एकच कसोटी लावत आलो आहे : जे भांडे जेवणाच्या ताटाप्रमाणे सुटे करून, घासून, विसळून, उन्हात पालथे घालता येत नाही, ते कितीही सुंदर असले तरी पक्ष्यांपुढे ठेवू नये. पुढील सर्व सूचना या एका कसोटीतून निघालेल्या आहेत.

आधी कारण समजून घेऊ

रानात दाणा टिपणारे पक्षी विखुरलेले असतात. आज या झुडपाखाली, तर उद्या दुसऱ्या बांधावर. आपण दाणापात्र टांगतो तेव्हा पन्नास ठिकाणी खाणारे पक्षी रोज एकाच वीतभर जागेवर येऊ लागतात, आणि त्यांची लाळ, विष्ठा व पिसांवरची धूळ तेथे साठू लागते. ट्रायकोमोनोसिस हा घशाचा रोग असाच पसरतो. तो एका सूक्ष्म आदिजीवामुळे होतो. आजारी पक्ष्याला दाणा गिळता येत नाही, तो चघळून ओला केलेला दाणा परत भांड्यात टाकतो आणि पुढचा पक्षी तोच दाणा उचलतो. साल्मोनेला हा जिवाणू प्रामुख्याने विष्ठेतून दाण्यांत उतरतो. ओलसर दाण्यांवर वाढणाऱ्या ॲस्परजिलस बुरशीचे बीजाणू श्वासावाटे पक्ष्यांच्या फुफ्फुसांत जातात.

हे धोके कागदावरचे नाहीत. ब्रिटनमध्ये २००५ पासून ट्रायकोमोनोसिसची साथ ग्रीनफिंच या बागेतल्या नेहमीच्या पक्ष्यात पसरली आणि त्याची संख्या इतकी घटली की २०२१ मध्ये त्याचा समावेश तेथील धोक्यातील पक्ष्यांच्या लाल यादीत करावा लागला. पक्ष्यांना दाणे घालण्याचा पुरस्कार वर्षानुवर्षे करणाऱ्या आरएसपीबी या तेथील मोठ्या संस्थेने २०२५ मध्ये सपाट पृष्ठभागाच्या दाणापात्रांची विक्री थांबवली. अमेरिकेत १९९४ च्या सुमारास हाउस फिंच या पक्ष्यात डोळे सुजण्याची साथ आली. नळीसारख्या दाणापात्रात डोके घालताना पक्ष्याचा डोळा छिद्राच्या कडेला घासला जातो आणि तेथे राहिलेला संसर्ग पुढच्या पक्ष्याला चिकटतो. म्हणजे पात्राचा आकार ही केवळ सोयीची बाब नाही, रोग पसरण्यात त्याचाही वाटा असतो.

मुंबईला आणखी एक बाजू आहे, ती म्हणजे पारवे, आपण ज्यांना सरसकट कबुतरे म्हणतो ते. ट्रायकोमोनोसिसचा आदिजीव मुळात कबुतरांच्या कुळात मुक्काम करून असतो आणि बरेचदा त्यांना स्वतःला फारसा त्रासही देत नाही. त्यामुळे कबूतर आणि चिमणी एकाच थाळीत जेवणे चिमणीच्या हिताचे नाही. माणसांच्या फुफ्फुसांना कबुतरांच्या वाळलेल्या विष्ठेपासून व पिसांच्या भुकटीपासून होणारा त्रास या शहरात सर्वांना ठाऊक झाला आहेच. २०२५ च्या जुलैत राज्य सरकारने मुंबईतील कबूतरखाने बंद करण्याचे निर्देश महापालिकेला दिले आणि दादरचा कबूतरखाना ताडपत्रीखाली झाकला गेला, तेव्हाचे वाद अनेकांना आठवत असतील. त्या वादात न शिरता एवढेच म्हणतो की ज्या खिडकीतील दाण्यांवर कबुतरे येतात, ती खिडकी शेजाऱ्यांच्या दृष्टीने छोटा कबूतरखानाच असते. आपले दाणापात्र कबुतरांना बंद आणि चिमणीला खुले असले पाहिजे.

जागा कोणती

सोसायटीच्या इमारतीत जागेची निवड मर्यादित असते, तरी तीन गोष्टी पाहून घ्याव्यात. पहिली म्हणजे काच. पक्ष्याला काच दिसत नाही, तिच्यातले झाडाचे प्रतिबिंब दिसते, आणि दचकून उडालेला पक्षी वेगाने तिच्यावर आदळतो. म्हणून पात्र काचेपासून एक मीटरच्या आत असावे, म्हणजे उडताना पक्ष्याला वेग घ्यायला अंतरच मिळत नाही, किंवा मग दहा मीटरहून दूर असावे. मधले अंतर सर्वांत वाईट. आपल्या खिडकीबाहेरच्या पेटीसारख्या ग्रिलमध्ये पात्र आपोआपच एक मीटरच्या आत येते, हा त्या ग्रिलचा एक अनपेक्षित फायदा म्हणायचा.

दुसरी गोष्ट म्हणजे खाली काय आहे. आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंनी पहिल्याच उन्हाळ्यात मला जिन्यात गाठून सांगितले होते, "अहो, तुमच्या चिमण्या जेवतात आणि टरफले माझ्या कुरडयांवर पडतात." त्या चुकीचे काहीच बोलत नव्हत्या. खाली कोणाची दोरी आहे, वाळवण आहे, पाण्याची टाकी आहे, हे पाहिल्याशिवाय काहीही टांगू नये, आणि शक्य असल्यास आधी त्या घरी जाऊन सांगावे. नंतर समजूत काढण्यापेक्षा ते सोपे जाते.

तिसरी गोष्ट म्हणजे तुमचा स्वतःचा हात. स्टुलावर चढून, ग्रिलबाहेर वाकून काढावे लागणारे पात्र पहिल्या आठवड्यात रोज धुतले जाते, दुसऱ्या आठवड्यात एकदा, आणि तिसऱ्यात तसेच राहते. फरशीवर उभे राहून दोन्ही हात सहज पोहोचतील एवढ्या उंचीवरच ते असावे. शिवाय एअर कंडिशनरच्या बाहेरच्या यंत्राजवळ आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत ते ठेवू नये, कारण कोंडा व पिसे यंत्रात आणि ओट्यावर जातात.

भांडे कशाचे असावे

लाकूड, बांबू, नारळाची करवंटी, वेताची टोपली आणि बिनझिलईची माती हे सारे पदार्थ सच्छिद्र आहेत. ओल आणि तिच्याबरोबर जंतू त्यांच्या आत मुरतात, वरून कितीही घासले तरी तेथपर्यंत काही पोहोचत नाही. करवंटीची दाणापात्रे पर्यावरणपूरक म्हणून आवडीने भेट दिली जातात. ती वापरायची असतील तर महिनाभर वापरून टाकून देण्याच्या तयारीनेच वापरावीत. स्टेनलेस स्टील, काच, झिलईची चिनीमाती आणि जाड, गुळगुळीत प्लास्टिक हे आपल्या कामाचे पदार्थ.

स्टील घेताना मुंबईची खारी हवा लक्षात घ्यावी. भांड्यांच्या दुकानात स्वस्त मिळणारे २०२ प्रतीचे स्टील समुद्राजवळच्या वस्तीत लवकर गंजाचे ठिपके धरते, ३०४ प्रतीचे अधिक टिकते. चुंबक लावून पाहण्याची घरगुती युक्ती येथे उपयोगी पडत नाही, कारण या दोन्ही प्रती सहसा चुंबकाला चिकटत नाहीत. तेव्हा भांड्यावरचा शिक्का पाहावा आणि दुकानदाराला स्पष्ट विचारावे. जस्ताचा मुलामा दिलेली जाळी स्वस्त असते, पण मुलाम्याचा थर सुटू लागला की पोपटासारखे तारा चावणारे पक्षी जस्त पोटात घेतात आणि ते त्यांना विषारी ठरते. ज्यांच्या परिसरात पोपट येतात, त्यांनी जाळीही स्टीलचीच घ्यावी.

जुळणी

आता प्रत्यक्ष रचना. मी आज वापरतो ती चार भागांची आहे. तिच्यात स्क्रू नाही, गोंद नाही, आणि कोणताही भाग सुटा करायला अवजार लागत नाही.

प्रथम पिंजरा. नागदेवी स्ट्रीटवर किंवा लोहार चाळीत वेल्ड केलेली स्टीलची जाळी फुटावर मिळते. दीड इंची चौकटीतून चिमणी व मुनिया सहज आत जातात, बुलबुलही यावेत असे वाटत असेल तर दोन इंची घ्यावी. दोहोंतून कबूतर आत शिरू शकत नाही आणि कावळाही नाही. या जाळीचा सुमारे ३४ सेंमी व्यासाचा आणि ३० सेंमी उंचीचा, वरून उघडा नळकांड्यासारखा पिंजरा जवळच्या फॅब्रिकेटरकडून करून घ्यावा. तळालाही जाळीच असावी, पत्रा नको, कारण पक्षी आत उभा राहून जी घाण करील ती तळाच्या जाळीतून थेट खाली पडली पाहिजे, अन्नाजवळ साचता कामा नये. कापलेल्या तारांची टोके आत वळवून कानशीने घासून घेण्याचा आग्रह धरावा. फॅब्रिकेटर हे काम स्वतःहून करीत नाही, आणि पक्ष्याचा पाय त्यातच फाटतो.

दुसरा भाग दाण्याचे भांडे. येथे स्वयंपाकघरातील १२ सेंमी व्यासाची, पत्र्याला छिद्रे पाडलेली स्टीलची लहान चाळण उत्तम काम देते. छिद्रे दाण्यापेक्षा बारीक असावीत, म्हणजे शिंतोडे आले तर पाणी आणि कोंडा निथळून जाईल व दाणा वर राहील. तारेच्या विणीची पिठाची चाळण मात्र घेऊ नये, कारण विणीच्या गाठींत जे अडकते ते ब्रशनेही निघत नाही. चाळण पिंजऱ्याच्या बरोबर मध्यभागी दोन लहान एस-हुकांनी अडकवावी. पिंजरा ३४ सेंमीचा आणि चाळण १२ सेंमीची, म्हणजे सर्व बाजूंनी ११ सेंमी मोकळे अंतर राहते. हे अंतर मुद्दाम ठेवले आहे. ते कमी केल्यास कबूतर जाळीबाहेर बसून मान आत घालते आणि सारे दाणे फस्त करते. माझ्या पहिल्या पिंजऱ्यात हे अंतर जेमतेम ६ सेंमी होते, त्यामुळे तो पिंजरा कबुतरांनीच वापरला.

चाळण लहान असण्याचाही हेतू आहे. पसरट परातीत पक्षी आत उतरून दाण्यांवरच चालतात व तेथेच घाण करतात. वाटीएवढ्या भांड्यात त्यांना बाहेर उभे राहून फक्त चोच आत घालावी लागते.

तिसरा भाग छप्पर, आणि येथे मी बांधकामावर वाळू वाहायचे साधे प्लास्टिकचे घमेले सुचवीन. ते पालथे घातले की पिंजऱ्यावर झाकणासारखे बसते, कडा बाहेर येऊन तिरक्या पावसापासून थोडा आडोसा होतो, आणि गुळगुळीत उतारामुळे वर बसलेल्या कबुतराचे पाय नीट टिकत नाहीत. दिसायला ते काही फार शोभिवंत नाही, हे मान्य. स्टीलची पालथी परात अधिक चांगली दिसते, पण तिच्या सपाट पाठीवर कबुतरांची बैठक भरते. घमेले दोन हुकांनी पिंजऱ्याला अडकवावे, म्हणजे वाऱ्याने उडणार नाही. उन्हाने प्लास्टिक ठिसूळ होऊन चिरा पडू लागल्या की ते बदलावे, कारण चिरेत घाण धरते.

सारा पिंजरा ग्रिलच्या आडव्या गजाला दोन जाड एस-हुकांनी टांगावा. साखळी वापरू नये. कड्या-कड्यांमध्ये सुकलेली विष्ठा काढणे म्हणजे शिक्षा असते.

चौथा भाग म्हणजे खालचा टब, ज्याच्यामुळे काकूंच्या कुरडया वाचल्या. पिंजऱ्याच्या तळाखाली २० सेंमीवर पिंजऱ्याहून मोठा टब ठेवावा. तो उघडा ठेवला तर मात्र आपण दुसरे, अधिक घाणेरडे दाणापात्र मांडले असे होते, कारण सांडलेला दाणा विष्ठेसह त्यात पडतो आणि कबुतरे तोच वेचतात. म्हणून टबाच्या तोंडावर अर्ध्या इंची जाळीचा तुकडा ठेवावा, ज्यातून दाणा व टरफल खाली जाईल पण चोच सहज पोहोचणार नाही. टब रोज संध्याकाळी रिकामा करायचा असतो. सांडलेला दाणा रात्रभर राहिला की उंदीर-घुशी येतात, आणि पावसाळ्यात उंदरांच्या मूत्रातून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसचे रुग्ण ज्या शहरात दर वर्षी आढळतात तेथे उंदरांना जेवण घालणे कोणालाच परवडणारे नाही.

भांड्यांचे हे चारही भाग एकेक असले तरी चाळण मात्र दोन घ्याव्यात. एक वापरात, एक वाळत. पूर्ण कोरडे होणे हाच स्वच्छतेचा अर्धा भाग आहे, कारण ट्रायकोमोनोसिसचा आदिजीव ओलीतच टिकतो, कोरडेपणात मरतो. दुसरी चाळण नसली की माणूस ओलीच परत लावतो.

काय घालावे, किती घालावे

चिमण्या व मुनियांसाठी बाजरी, राळा आणि तांदळाची कणी पुरे. कोरडा तांदूळ पक्ष्यांच्या पोटात फुगून ते मरतात ही समजूत खोटी आहे. बुलबुल आणि साळुंकी यांना पिकलेल्या पपईची, केळ्याची किंवा पेरूची फोड आवडते, ती वेगळ्या वाटीत ठेवावी आणि एप्रिल-मेच्या उकाड्यात दोन-तीन तासांत उचलावी. साळुंकी बहुधा पिंजऱ्याबाहेरच अडून राहते, तिच्यासाठी फोड ग्रिलच्या गजाला टोचून ठेवता येते.

शेव, फरसाण, बिस्कीट, पाव, शिळा भात आणि पोळीचे तुकडे घालू नयेत. मिठाचा भार लहान पक्ष्यांना सोसत नाही आणि शिजवलेले अन्न मुंबईच्या दमट हवेत काही तासांत आंबते. खारे शेंगदाणे वर्ज्य, आणि साध्या शेंगदाण्यांतही कुबट वास किंवा काळपट डाग असलेले टाळावेत, कारण त्यांवर वाढणारी बुरशी अफ्लाटॉक्सिन हे यकृताला घातक विष तयार करते. 

आपल्या घरांतील एका सवयीबद्दल येथे सावध करणे भाग आहे. वर्षाच्या धान्याला कीड लागू नये म्हणून बोरिक पावडर लावण्याची पद्धत अनेक घरांत आहे. आपण ते धान्य धुऊन वापरतो, चिमणी धुऊन खात नाही. असे धान्य पक्ष्यांना घालू नये. त्याचप्रमाणे पेरणीसाठीचे गुलाबी किंवा निळसर रंगाचे बियाणे कधीही वापरू नये, तो रंग कीटकनाशक वा बुरशीनाशक लावल्याची खूण असतो. धान्य घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात, महिन्याभरात संपेल एवढेच ठेवावे. सोंडे झालेले धान्य चिमण्यांना चालते, उलट सोंडेही त्या खातात. बुरशीचे मात्र चालत नाही.

प्रमाणाबाबत नवख्यांचा हात सैल असतो. सुरुवातीला दिवसाला दोन चहाचे चमचे दाणे पुरेत. सूर्यास्तापूर्वी चाळण रिकामी झाली पाहिजे, हे माप धरावे. दाणे उरले तर दुसऱ्या दिवशी कमी घालावे, उरलेल्यांवर नवे ओतू नये, कारण तळाचे दाणे तसेच राहून सडतात. दुपारीच संपले तरी लगेच भर घालण्याची गरज नसते. पक्षी आपल्या भरवशावर जगत नाहीत, आणि चिमण्या आपल्या पिल्लांना मुख्यतः अळ्या-किडेच भरवतात, ते आपल्या डब्यात नसतात.

फुलांतला मध पिणाऱ्या इवल्या शिंजिरासाठी साखरपाणी ठेवण्याची हौस मी करीत नाही आणि इतरांनाही सुचवीत नाही. आपल्या हवेत ते एका दिवसात आंबू लागते, मुंग्या येतात, आणि नळीच्या तोंडाशी बुरशी धरते. त्याऐवजी कुंडीत एक जास्वंद लावली की शिंजीर येतो आणि धुवायचे काही उरत नाही.

पाण्याचे भांडे

उन्हाळ्यात दाण्यांपेक्षा पाणी अधिक मोलाचे असते, आणि घाणही तेच लवकर होते. झिलईची पसरट चिनीमातीची बशी किंवा स्टीलची थाळी घ्यावी, पाणी कडेला २ आणि मध्ये ५ सेंमीपेक्षा खोल नसावे. मातीची परळे पाणी गार ठेवतात हे खरे, पण त्यांच्या छिद्रांत शेवाळ मुरते. परळच वापरायचे असेल तर दोन आलटून-पालटून वापरावीत आणि प्रत्येक वेळी दिवसभर कडक उन्हात वाळवावीत.

पाणी रोज बदलावे आणि बदलताना भांड्याच्या आतल्या कडा घासाव्यात. नुसते ओतून पुन्हा भरणे पुरत नाही. डेंग्यूचा एडीस डास आपली अंडी पाण्याच्या रेषेजवळ कडेला चिकटवतो, ती कोरडी पडूनही महिनोन्‌महिने जिवंत राहू शकतात आणि पाणी मिळाले की सात ते दहा दिवसांत त्यांतून डास तयार होतात. महापालिकेचे कीटकनाशक विभागाचे कर्मचारी घरांत साचलेले पाणी शोधत येतात, तेव्हा पक्ष्यांची बशी ही सबब चालत नाही, आणि चालूही नये. पाणी दाण्यांच्या थेट खाली ठेवू नये, एवढी साधी गोष्टही अनेक जण विसरतात.

धुण्याचा क्रम

यासाठी एक वेगळी बादली, एक वेगळा ब्रश, बाटली धुण्याचा एक लांब ब्रश आणि रबरी हातमोजे ठेवावेत. हे सामान स्वयंपाकघरात येऊ नये आणि पात्र ओट्यावरच्या सिंकमध्ये धुऊ नये. मोरी किंवा न्हाणीघर हीच जागा.

रोज संध्याकाळी चाळण काढून टरफले झटकावीत, टब रिकामा करावा, पाण्याची बशी घासावी. मला याला पाच मिनिटे लागतात. आठवड्यातून एकदा, पावसाळ्यात दोनदा, चाळण, पिंजरा, घमेले आणि टब साबणाने घासावेत. वाळलेली विष्ठा कधीही कोरडी खरवडू नये, झाडूने झाडू नये. आधी पाणी शिंपडून ती पूर्ण भिजवावी, मग पुसावी, म्हणजे भुकटी हवेत उडून नाकात जात नाही. तेव्हा मास्क लावलेला बरा. घरात दम्याचे रुग्ण, वृद्ध किंवा कर्करोगावर उपचार घेणारे कोणी असेल तर हे काम त्यांनी करू नये.

दर पंधरा दिवसांनी निर्जंतुकीकरण करावे. घरगुती द्रवरूप ब्लीचचा एक भाग आणि पाण्याचे नऊ भाग असे मिश्रण बादलीत त्याच वेळी तयार करावे, जुने ठेवून वापरू नये. त्यापूर्वी साबणाने घासणे अनिवार्य आहे, कारण घाणीचा थर असेल तर ब्लीचची शक्ती घाणीवरच खर्च होते आणि जंतू सुखरूप राहतात. घासलेले भाग या मिश्रणात दहा मिनिटे बुडवून ठेवावेत, नंतर वास पूर्ण जाईपर्यंत वाहत्या पाण्यात विसळावेत आणि कोरडे ठणठणीत होऊ द्यावेत. खिडकी उघडी असावी. आणि हे ठळक अक्षरांत लिहावे असे वाटते : ब्लीचमध्ये संडास धुण्याचे ॲसिड, व्हिनेगर किंवा अमोनियायुक्त द्रव कधीही मिसळू नये. त्यातून विषारी वायू निघतो, आणि आपली न्हाणीघरे किती लहान असतात हे सांगायला नको. काम झाल्यावर हातमोजे काढून हातही साबणाने धुवावेत.

पावसाळ्यात मी काय करतो

जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत हवा इतकी दमट असते की झाकलेल्या पात्रातील दाणाही दुपारपर्यंत मऊ पडतो. संततधारेच्या दिवसांत मी दाणे घालणे सरळ बंद ठेवतो. बाहेर गवताचे बी, किडे, अळ्या यांची रेलचेल असते, पक्ष्यांचे काही अडत नाही. उघडीप असेल त्या दिवशी सकाळी एक चमचा दाणे घालून दुपारी चाळण आत घेतो आणि पंख्याखाली वाळवतो. या चार महिन्यांत "रोज घातलेच पाहिजे" हा आग्रह सोडून देणे हेच पक्ष्यांच्या फायद्याचे असते, असे माझे मत झाले आहे, जरी आमच्या घरातील धाकट्या मंडळींना ते पटत नसले तरी.

पक्षी आजारी दिसल्यास

दिवसाढवळ्या पिसे फुगवून, डोळे मिटून बसलेला, जवळ गेले तरी न उडणारा, चोचीभोवती ओलसर चिकटा असलेला, दाणा तोंडात घेऊन पुन्हा पुन्हा टाकणारा, डोळा सुजलेला किंवा पायांवर-चोचीवर चामखिळीसारख्या गाठी असलेला पक्षी दिसला की त्याच दिवशी दाणे आणि पाणी दोन्ही काढून घ्यावे. नवख्यांकडून येथे एक चूक होते : आजारी पक्ष्याची कणव येऊन अधिक दाणे घातले जातात, आणि त्यामुळेच बाकीचे पक्षी त्याच्याजवळ जमतात. सर्व भाग निर्जंतुक करून निदान दोन आठवडे पात्र घरात ठेवावे, पक्ष्यांना पांगू द्यावे.

जखमी किंवा आजारी पक्ष्यावर घरी औषधोपचार करू नयेत. परळचे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट प्राण्यांचे रुग्णालय एकोणिसाव्या शतकापासून या शहरात आहे. वन्य पक्ष्यासाठी वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावरही मदत मागता येते. मेलेला पक्षी उघड्या हाताने उचलू नये, आणि परिसरात एकापाठोपाठ अनेक पक्षी मेलेले दिसले तर महापालिकेच्या १९१६ क्रमांकावर कळवावे. २०२१ च्या जानेवारीत मुंबईत मेलेल्या कावळ्यांमध्ये बर्ड फ्लू आढळला, तेव्हा अशा माहितीसाठी हाच क्रमांक देण्यात आला होता.

पहिले दिवस आणि सुट्टीचे दिवस

नवे पात्र टांगल्यावर पक्षी लगेच येतील अशी अपेक्षा ठेवू नये. पहिल्या आठवड्यात कावळा येऊन घमेल्यावर दोन टोचे मारून जाईल, कबुतरे जाळीभोवती फिरून निराश होतील, आणि चिमणी लांबून पाहत राहील. या काळात चाळणीत चिमूटभरच दाणे ठेवून ते रोज बदलावेत. आमच्याकडे पहिली चिमणी जाळीतून आत गेली ती अठराव्या दिवशी, आणि तिला बाहेर पडायचा रस्ता सापडेपर्यंत मीच अधिक घाबरलो होतो. खरे तर ती आली त्याच चौकटीतून शांतपणे निघून गेली.

मे महिन्यात किंवा गणपतीला गावी जाताना शेजाऱ्यांवर दाण्यांची जबाबदारी टाकू नये. निघण्याच्या आदल्या दिवशी चाळण, टब आणि पाण्याची बशी धुऊन, वाळवून कपाटात ठेवावी, पिंजरा तेवढा जागेवर राहू द्यावा. परत आल्यावर त्यात कोळ्याने जाळे विणलेले असते. ते काढावे, पिंजरा एकदा साबणाने घासावा, आणि पुन्हा दोन चमच्यांपासून सुरुवात करावी.